गाथा कोणती? : विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधातील संदर्भसाधने आणि तुकारामविषयक अभ्यास

प्रास्ताविक

संशोधन ही आता केवळ पदव्युत्तर वर्गाची बाब राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला स्थान मिळाले आणि विशीतल्या विद्यार्थ्याच्या हाती शोधनिबंधाचे काम येऊ लागले. या विद्यार्थ्याला आपण विषय देतो, शब्दमर्यादा देतो, मुदत देतो आणि 'किमान दहा संदर्भ असावेत' अशी एक अट घालतो. संदर्भ कोणत्या प्रतीचे असावेत, त्यांतले मूळ कोणते आणि त्या मुळाचा आधार घेऊन लिहिलेले कोणते, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. परिणामी निबंधाच्या अखेरीस दहा-बारा पुस्तकांची नावे व तितकेच संकेतस्थळांचे पत्ते येतात; मजकुराचा आधार मात्र बाजारातल्या एखाद्या गाइडात किंवा भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या संदेशात असतो. (मार्गदर्शक अध्यापकालाही आपण 'गाइड' म्हणतो आणि परीक्षेच्या तोंडावर विकत घेतलेल्या पुस्तिकेलाही. हा योगायोग फारसा सुखावह नाही.)

'विश्वसनीय साधने कशी शोधावीत' या विषयावर सर्वसाधारण नियम सांगणारे लेखन पुष्कळ झाले आहे. लेखक कोण, प्रकाशक कोण, प्रकाशनवर्ष कोणते, लेखनामागचा हेतू काय, हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याला ज्या अडचणी प्रत्यक्षात भेडसावतात त्यांपैकी फार थोड्या या प्रश्नांनी सुटतात. म्हणून प्रस्तुत लेखात एकच उदाहरण सविस्तर घेतले आहे. मराठी विभागांत वारंवार निवडला जाणारा आणि सर्वांत सोपा समजला जाणारा विषय म्हणजे संत तुकाराम. 'तुकारामांच्या अभंगांतील सामाजिक जाणीव' या शीर्षकाचा किंवा त्याच्या जवळपासचा निबंध ज्याच्या टेबलावर आला नाही असा मराठीचा अध्यापक विरळा.

'गाथा' हा संदर्भ नव्हे

अशा निबंधात साधारणतः अभंगाचे दोन चरण येतात व खाली टीप असते : 'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक'. पुढच्या टिपेत 'तत्रैव'. दिसायला हे अगदी शास्त्रशुद्ध दिसते. पण ही गाथा कोणती? तुकारामांच्या गाथा एकाहून अधिक आहेत, त्यांतील अभंगांची संख्या वेगळी आहे, क्रम वेगळा आहे आणि काही ठिकाणी पाठही वेगळा आहे. संपादक व प्रकाशनवर्ष यांवाचून दिलेला अभंगक्रमांक म्हणजे गावाचे नाव न लिहिता दिलेला घरक्रमांक.

छापील गाथांच्या परंपरेत पहिले मोठे नाव इंदुप्रकाश प्रतीचे. विष्णू परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली ही गाथा सिद्ध केली आणि मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून ती १८६९ व १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. या कामासाठी मुंबई सरकारने चोवीस हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती हे सांगावयास नको. शिक्षण खात्याचे तत्कालीन संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांना तुकारामांविषयी आस्था होती, हे त्यामागचे एक कारण. जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी तिला इंग्रजीत चरित्रात्मक प्रस्तावना लिहिली. संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांचा आधार घेतला. आज ज्याला आपण पाठचिकित्सा म्हणतो तिचा हा मराठीतील आरंभीचा मोठा प्रयत्न होय. विद्यार्थ्याने निदान एवढे जाणावे, की छापील पानावरील अभंग हा चार ठिकाणच्या पोथ्या समोर ठेवून कोणीतरी निवडलेला पाठ आहे. तुकारामांच्या तोंडून निघालेला शब्द जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचला, असे तो पाठ पाहून म्हणता येत नाही.

तुकारामांच्या निर्याणाच्या त्रिशतसांवत्सरिक निमित्ताने १९५० साली शासनाने जी गाथा पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली, ती मुख्यत्वे या इंदुप्रकाश प्रतीवरच उभी आहे. पुढे तिची पुनर्मुद्रणे झाली. 'शासकीय गाथा' म्हणून ती ओळखली जाते, तिच्यात ४६०७ अभंग आहेत, आणि अभ्यासात तीच बहुधा प्रमाण मानली जाते. येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली अशी की, १९५० च्या गाथेचा आधार घेणारा अभ्यासक वस्तुतः १८६९ ते १८७३ या काळातील संपादकीय निर्णयांचा आधार घेत असतो. शासकीय गाथा आणि इंदुप्रकाश गाथा या दोहोंचे दाखले देऊन 'दोन साधनांत एकवाक्यता आढळते' असे लिहिणे म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदविणे होय. दुसरी गोष्ट, 'तुकारामांनी ४६०७ अभंग रचले' हे वाक्य निबंधांतून सर्रास येते. पण गाथेत 'तुकयाबंधु' अशी मुद्रा असलेले, म्हणजे धाकटे बंधू कान्होबा यांचे, अभंगही समाविष्ट आहेत. संपादकांनी ही गोष्ट लपविलेली नाही. गाथा चाळली तरी ती दिसते. वाक्य चुकते ते गाथा न उघडल्यामुळे.

वि. ल. भावे यांनी वेगळा मार्ग धरला. 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे (स्थापना १८९३) एक संस्थापक असलेल्या भाव्यांनी, तुकारामांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे १९१९-२० मध्ये 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' दोन भागांत छापला. त्यात सुमारे तेराशे अभंग आहेत. वहीतील लेखन भाव्यांनी शक्यतो जसेच्या तसे ठेवले, त्यामुळे परिचित गाथेत गुळगुळीत वाटणारा चरण येथे खडबडीत, बोलीच्या वळणाचा दिसतो. 'अस्सल' हा शब्द भाव्यांनी जाणीवपूर्वक योजला आहे. बाकीच्या गाथांतील पुष्कळसा भाग नंतर वाढलेला आहे, असा त्यांचा पक्ष होता. हा पक्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. संताजींच्या वहीत एखादा अभंग नाही एवढ्यावरून तो तुकारामांचा नाही असे ठरत नाही. टाळकऱ्याने आपल्याजवळ उतरून घेतलेली वही संपूर्ण असायलाच हवी असे नाही. तथापि ४६०७ आणि तेराशे या दोन आकड्यांमधील अंतर एवढे मोठे आहे की, ज्या अभंगांवर आपला निष्कर्ष उभा आहे ते कोणत्या बाजूला पडतात हे तपासल्यावाचून पुढे जाणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. तुकारामांची वर्णव्यवस्थेविषयीची भूमिका, स्त्रीविषयक उद्गार, पुरोहितवर्गावरील टीका, राजसत्तेशी असलेले नाते या सर्व विषयांवर आपल्याकडे परस्परविरुद्ध मते हिरिरीने मांडली जातात व प्रत्येक पक्ष गाथेतूनच अभंग काढून दाखवितो. गं. बा. सरदार यांच्या 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) पासून सदानंद मोरे यांच्या 'तुकारामदर्शन' (१९९६) पर्यंत हा वाद किती गंभीरपणे चालला आहे हे मराठीच्या अध्यापकास ठाऊक आहे. त्या वादात विद्यार्थ्याने जरूर उतरावे. पण ज्या अभंगाला तो साक्षीस उभा करतो त्या अभंगाची ओळखपरेड आधी व्हावयास हवी. तो सर्व जुन्या प्रतींत आहे काय? भाव्यांच्या गाथ्यात आहे काय? असल्यास पाठ तोच आहे काय? या तीन प्रश्नांसाठी ग्रंथालयातील एक दुपार पुरते. गाथेच्या शेवटी प्रारंभिक चरणांची अकारविल्हे सूची असली म्हणजे तर तासाभराचे काम. हे काम केलेला चार पानांचा निबंध, हे न केलेल्या चाळीस पानांच्या निबंधापेक्षा मोलाचा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्रमाविषयीही थोडे सांगावयास हवे. गाथेतील अभंगांचा क्रम हा रचनेचा क्रम नव्हे. आरंभीचे अभंग 'पूर्वायुष्यातील' व शेवटचे 'उत्तरायुष्यातील' असे गृहीत धरून तुकारामांच्या मनोविकासाचा आलेख काढणारे निबंध कल्पक असतात, पण त्यांना पायाच नसतो. इंग्रजी अनुवाद हाताशी धरणाऱ्यांची अडचण याहून वेगळी. जे. नेल्सन फ्रेझर व के. बी. मराठे यांचा तीन खंडांतील अनुवाद (१९०९ ते १९१५) उपयुक्त आहे, परंतु त्यांनी अभंगांची नव्याने विषयवार मांडणी केली. तेथील क्रमांक मराठी गाथेला लावता येत नाहीत. दिलीप चित्रे यांचे 'सेज तुका' (१९९१) हे एका कवीने दुसऱ्या कवीचे केलेले वाचन आहे. चित्र्यांच्या तुकारामावर लिहावयाचे असेल तर ते मूळ साधन ठरेल, तुकारामांवर लिहावयाचे असेल तर दुय्यम. एकच पुस्तक प्रश्न बदलला की आपली जागा बदलते, ही गोष्ट व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा अशा उदाहरणाने लवकर कळते.

'तुका म्हणे' ही मुद्रा

नाममुद्रा ही कर्तृत्वाची खूण असली तरी कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. चरणाच्या शेवटी 'तुका म्हणे' जोडणे कोणालाही शक्य आहे आणि गेल्या पावणेचारशे वर्षांत ते पुष्कळांनी केलेले आहे. भाविकाने केले, कीर्तनकाराने केले, विनोदासाठी केले. आज उपदेशपर संदेश पाठविणाराही करतो. याचे बोलके उदाहरण चित्रपटसृष्टीतले आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि तरू यांचे रूपक असलेले गीत लिहिले. विष्णुपंत पागनीसांच्या मुखातून ते महाराष्ट्रभर गेले आणि असंख्य श्रोत्यांनी ते तुकारामांचेच मानले. आठवल्यांच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही. पण त्या गीताचा दाखला देऊन तुकारामांचे अद्वैत सिद्ध करणारा निबंध विसाव्या शतकातील एका गीतकाराचे अद्वैत सिद्ध करीत असतो. शंका येण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. गाथेच्या सूचीत तो चरण शोधला म्हणजे झाले. सापडला नाही, तर पुढे चौकशी करावी.

महाजालावरील गाथांनी ही चौकशी एका परीने सोपी केली आहे. शब्द टंकित केला की अभंग समोर येतो. या सोयीला नाके मुरडण्याचे कारण नाही. हरकत आहे ती, संकेतस्थळावरील मजकूर कोणत्या छापील प्रतीवरून घेतला हे बहुधा सांगितलेले नसते याबद्दल. टंकनाचे दोष, गाळलेले चरण, आधुनिक केलेले लेखन हे सारे त्यात असू शकते. अभंग सापडण्यासाठी संकेतस्थळ वापरावे, उद्धृत करण्यासाठी छापील गाथा उघडावी, एवढा विवेक पुरेसा आहे. अलीकडे संगणकाशी संभाषण करून संदर्भ मिळविण्याची प्रथाही रूढ होत आहे. या यंत्रांची मराठी सफाईदार असते. आणि अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक व पृष्ठक्रमांक तितक्याच सफाईने देण्याची खोडही त्यांना आहे. अशी नोंद यादीत दिसली तर विद्यार्थ्यावर रागावण्यापूर्वी, आपण त्याला कधी पुस्तक हाती घेऊन पृष्ठ दाखवावयास सांगितले होते काय, हे पाहावे.

चरित्राची साधने

अभंगांच्या तुलनेत चरित्राच्या बाबतीत निष्काळजीपणा अधिक आढळतो, कारण तुकारामांचे चरित्र आपल्याला लहानपणापासून 'ठाऊक' असते. जन्मशकाचीच गोष्ट घ्या. शके १४९०, १४९९, १५२० आणि १५३० असे निदान चार शक अभ्यासकांनी सुचविलेले आहेत. म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १५६८ पासून १६०८ पर्यंत चाळीस वर्षांचा फरक. निबंधात मात्र यांतील एकच साल निर्विवाद सत्य म्हणून येते व त्यावरून दुष्काळाच्या वेळचे वय, संसार, वैराग्य यांचे गणित मांडले जाते. जन्मशक वादग्रस्त आहे एवढे एक वाक्य लिहिले असते तरी त्या गणिताचा तोल सांभाळला गेला असता.

या चरित्राचा मोठा भाग महिपतीच्या 'भक्तविजय' (१७६२) व 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांतून आलेला आहे. तुकारामांचे निर्याण शके १५७१ च्या फाल्गुनातले, म्हणजे इसवी सन १६५० चे. महिपतीचा जन्म १७१५ चा. कथा आणि काळ यांत शतकाहून अधिक अंतर पडले. म्हणून महिपती त्याज्य ठरत नाही. अठराव्या शतकातील वारकरी समाज तुकारामांकडे कसा पाहत होता, याचे त्याच्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. आणि एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते : 'भक्तविजया'त महिपती आपण नाभाजी व उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारे लिहीत असल्याचे स्वच्छ सांगतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या भाविक चरित्रकाराने पाळलेला हा शिष्टाचार आजच्या कितीतरी छापील चरित्रांना पाळता आलेला नाही.

इंद्रायणीत वह्या बुडविल्याची कथा घेतली तर साधनांची प्रतवारी कशी करावी हे चांगले समजते. या प्रसंगाचे उल्लेख खुद्द गाथेतील अभंगांत आहेत. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८ ते १७००) यांच्या आत्मपर अभंगांत वह्या तेरा दिवस उदकात राहिल्याचा निर्देश येतो. महिपती ही कथा विस्ताराने सांगतो. विसाव्या शतकातील कादंबऱ्या, नाटके व चित्रपट तिला संवाद आणि प्रसंगनाट्य देतात. विद्यार्थी बहुधा शेवटच्या टोकापासून आरंभ करतो व तेथेच थांबतो. त्याने मागे मागे जात बहिणाबाईंपर्यंत यावे. मग कोणता तपशील कोणत्या शतकात कथेला चिकटला हे त्यालाच दिसू लागेल, आणि तो शोध स्वतः एक उत्तम शोधनिबंध होईल. 'हा चमत्कार खरा की खोटा' या प्रश्नावर आठ पाने खर्च करण्यापेक्षा हे काम अधिक फलदायी आहे, आणि त्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचेही कारण पडत नाही.

शब्दार्थाची साधनेही याच प्रकरणात येतात. गाथेत पाइकीचे अभंग म्हणून ओळखला जाणारा एक गट आहे. आजच्या मराठीत 'पाईक' म्हणजे एखाद्या विचाराचा निष्ठावंत अनुयायी. सतराव्या शतकात पाईक म्हणजे पायदळातील शिपाई. धन्याची चाकरी करणारा, प्रसंगी प्राण देणारा. आजचा अर्थ घेऊन वाचले तर त्या अभंगांतील रूपकाचा कणाच मोडतो. शिवकालाशी या अभंगांचा संबंध जोडावा की नाही हा वाद पुढचा; शब्द कळल्याखेरीज त्या वादात भाग घेता येत नाही. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) विभागाच्या कपाटात असणे ही चैन नव्हे.

साधने कोठे, पारख कोणाची

'मराठीत साधनेच नाहीत' ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. शं. ग. दाते यांनी एकहाती म्हणावी अशा जिद्दीने सिद्ध केलेली 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद देते; ती १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग १९६१ साली आला. एखाद्या गाथेची कोणती आवृत्ती कोठे व केव्हा छापली गेली, याचा शोध येथून सुरू करता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते व बहुधा संदर्भही असतात. तो आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. मुक्त ज्ञानकोशातील नोंद वाचू नये असे नाही. पण तिच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून पाहावेत व संदर्भ नसतील तर ती नोंद ऐकीव माहितीच्या किमतीची समजावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, मुंबई-ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालये यांचा उंबरठा किती विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना दाखविला आहे, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

नियतकालिकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यात आपण सर्वच गुंतलेलो आहोत. विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी सुरू केली तेव्हा यादीत नाव आहे की नाही, एवढ्या एका निकषावर लेखाची विश्वसनीयता ठरू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याचे काम पुन्हा संस्थांकडे व अभ्यासकांकडे आले. शुल्क भरताच आठवड्याभरात 'समीक्षित' होऊन छापला जाणारा लेख आणि समीक्षकाच्या शेऱ्यांनंतर दोनदा लिहून काढलेला लेख मुखपृष्ठावरून वेगळे ओळखू येत नाहीत. ओळखावे लागते ते आतल्या टिपांवरून. एक साधी कसोटी आहे. तुकारामांवरील कोणताही छापील लेख घ्यावा, त्यातील तीन अवतरणे निवडावीत आणि टिपेत सांगितलेल्या गाथेत ती सापडतात काय ते पाहावे. पदवीच्या विद्यार्थ्याला हे जमते. एका तासिकेत पाच विद्यार्थ्यांकडून पाच लेख असे तपासून घेता येतात. प्राध्यापकांचे लेखही या तपासणीतून वगळू नयेत. विभागातल्या विभागात हा प्रयोग करावयाचा तर टेबलावर शासकीय गाथा, भाव्यांचा 'अस्सल गाथा' आणि वारकरी परंपरेतील विष्णुबुवा जोग महाराजांची सार्थ गाथा एवढी तीन पुस्तके हवीत. यांपैकी जे ग्रंथालयात नसेल त्याची मागणी पुढील खरेदीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घालावी.